दोघांपैकी बरं कोण

आमच्या घरात वर्षभराच्या अंतरानं दोन माणसं डोक्यानं आजारी पडली. आधी माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणते, आणि मग मी. दोघांनाही लातूरच्या एकाच डॉक्टरांकडं नेलं, दोघांनाही सारख्याच पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. तरी पुढच्या काळात घरानं आणि गावानं मिळून त्याला आजारी ठरवलं आणि मला बरी. निकाल चुकीचा होता. तो कसा लागला हे कळायला मला बराच वेळ गेला, आणि कळलं तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

आमचं गाव ढोकीजवळ. चुलते शेती बघतात, त्यात ऊस जास्त. वडील साखर कारखान्यात कारकून. दोन्ही भावांचं अजून एकत्र आहे, त्यामुळं आई आणि काकू एकाच स्वयंपाकघरात वावरतात आणि एकमेकींच्या मिठावर नजर ठेवतात.

दादा पुण्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता आणि आमच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दिवसभर गाणी लावून जात होते. दादाला वाटायला लागलं की ती गाणी त्याच्यासाठी निवडून लावली जातात, त्यात त्याला निरोप असतात. आधी तो रस्त्याच्या कडेला उभा राहून नुसता ऐकायचा. मग ट्रॅक्टरला आडवा जाऊन विचारायला लागला की हे गाणं लावायला तुला कुणी सांगितलं. एका ड्रायव्हरनं खाली उतरून त्याच्या कानफाटात दिली, आणि त्याच आठवड्यात चुलत्यांनी त्याला गाडीत घालून लातूरला नेलं.

माझं असं वाजतगाजत झालं नाही. मी धाराशिवला वसतिगृहात राहून डी. फार्मसी करत होते. मला दोन बायका ऐकू यायला लागल्या. ओळखीच्या नव्हत्या. एक वयस्कर, एक तरुण. माझ्याशी बोलत नसत, माझ्याबद्दल एकमेकींशी बोलत. आता उठली बघ. आता पुस्तक काढलं. वाचतीय कुठं, नुसती बघतीय. मी वर्गात जायचं सोडलं, जेवायचं सोडलं, तेव्हा वडील येऊन मला घरी घेऊन गेले.

घरी निदानं बरीच झाली. अभ्यासाचा ताण. दृष्ट. लग्नाचं वय. एका देवऋष्यानं लिंबं उतरवली आणि काकूनं सांगितलं, ‘लगीन करून टाका, आपोआप ठिकाणावर येती.’ दादासाठी हा उपाय कुणी सुचवला नव्हता, कारण असल्या पोराला पोरगी देणार कोण. शेवटी दादाच ओसरीवरून बोलला, ‘हिला माझ्यावानीच झालंय. माझ्या डॉक्टरकडं न्या.’ तेव्हा मला लातूर दिसलं.

डॉक्टरांनी सायकोसिस हा शब्द वापरला आणि वडिलांना समजावलं की हा मेंदूचा आजार आहे, लवकर आलात हे चांगलं झालं, गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत. जाता जाता म्हणाले, ‘मुली साधारण लवकर सावरतात, असं आमच्या पाहण्यात आहे. मुलांना वेळ लागतो.’ वडिलांनी त्यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि गावभर सांगितला.

आणि झालंही तसंच, निदान वरून बघणाऱ्याला. दादाच्या डोक्यातले निरोप गोळ्यांनी काही आठवड्यांत थांबले. ट्रॅक्टर पुन्हा नुसते ट्रॅक्टर झाले. पण तो बसून राहायला लागला. उन्हं वर आल्यावर उठायचा, काकू त्याच्यापुढं ताट न्यायची, ताट उचलायची, अंघोळीचं पाणी काढून दहा हाका मारायची. विचारलं तर म्हणायचा, ‘डोकं शांत हाय, पर हातपाय उचलत न्हाईत.’ चुलते म्हणायचे, आयतं बसून खायची सवय लागली पुण्यात. आजार म्हणून गोळ्या द्यायच्या आणि आळशी म्हणून बोलणी, असा त्याचा दुहेरी उपचार चालू होता.

माझं उलट होतं. बायका कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. दूर गेल्यासारख्या वाटायच्या, आवाज बारीक झाला, इतकंच. पण आईनं मला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच स्वयंपाकघरात बसवलं. आधी लसूण सोलायला दिला. मग तांदूळ निवडायला. मग पीठ चाळायला, आणि एक दिवस परातीसमोर बसवलं. आता पीठ घेतलं, आता पाणी घातलं, असं त्या दोघी मागून सांगत होत्या आणि मी भाकरी थापत होते. भाकरी गोल झाली, फुगली. लहानपणापासून केलेली गोष्ट, तिला डोकं कशाला लागतं? एक मात्र कबूल करायला पाहिजे, त्या दोघींनी माझ्या भाकरीला कधी नाव ठेवलं नाही. काकूपेक्षा त्या सभ्य होत्या.

पुढं विचार करताना माझ्या लक्षात आलं की बायकांच्या कामाला बारक्या पायऱ्या असतात. लसणापासून सुरुवात करून माणूस हळूहळू चुलीपर्यंत पोचतं आणि वाटेत कुणी हसत नाही. आमच्याकडं पुरुषाच्या कामाला पहिली पायरीच नाही. एकदम ट्रॅक्टर, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, बँक, पाण्याची पाळी. जमलं तर कर्ता, न जमलं तर बिनकामाचा. दादा एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला होता, ‘शेंगा फोडू का मी?’ काकूनं त्याला हाकललं. म्हणाली, ‘लोक काय म्हणतील, बायकात बसतो म्हणून?’ तो पुन्हा ओसरीवर जाऊन बसला.

तर गावानं हिशेब लावला. पोरगी हाताखाली काम करते, म्हणजे सुधारली. पोरगा बसून खातो, म्हणजे अजून डोकं ठिकाणावर नाही. मी बरी झाल्यामुळं मला लातूरला न्यायचं कारण उरलं नाही. चुलते दादाला घेऊन जायचे आणि येताना माझी चिठ्ठी आणायचे. ‘पोरगी कशी आहे?’ असं डॉक्टर विचारायचे, आणि चुलते सांगायचे, ‘एक नंबर. सगळा स्वयंपाक करती.’ त्या जोरावर माझी गोळी अर्धी झाली.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे आणि शिवारात पंगत बसवायची. ज्यांचं शेत नाही त्यांना आग्रहानं बोलवायचं. कारखान्यात वडिलांच्या खात्यात एक गृहस्थ नवेच नोकरीला आले होते, त्यांचं शेत इकडं नव्हतं, म्हणून त्यांना आवतण गेलं. त्यांच्याकडं त्याच वेळी जळकोटहून त्यांची बहीण आणि भाचा आलेले होते. भाचा लग्नाचा होता. हा योगायोग आईनं आणि काकूनं महिनाभर आधी जुळवलेला होता.

येळवशीचा स्वयंपाक म्हणजे दोन दिवस कंबर मोडते. सगळ्या भाज्या, ओले हरभरे, तुरीचे दाणे एकत्र करून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, गव्हाची खीर. काकूचा गुडघा नेमका त्याच दोन दिवसांत दुखला आणि सगळं आईवर आणि माझ्यावर आलं. मी केलं. अर्ध्या गोळीवर केलं. बायका जवळ यायला लागल्या होत्या आणि मी काय काय चिरते ते एकमेकींना सांगत होत्या. शेतात मी पंगतीला वाढत होते तेव्हा त्या म्हणाल्या, आता जळकोटच्या बाईच्या ताटात वाढतीय. जळकोटच्या बाई त्याच वेळी म्हणाल्या, ‘पोरीच्या हाताला चव हाय.’ कुणाचं कोणतं ते मला क्षणभर कळेना. मी मान खाली घालून पुढच्या ताटाकडं गेले आणि ते विनयात जमा झालं.

जेवणाआधी आंबिलीचं मडकं घेऊन ‘ओलगे, ओलगे’ असं ओरडत उभ्या पिकाभोवती शिंपडत फिरायचं असतं. ते घरच्या कर्त्या पुरुषाचं काम. त्या वर्षी चुलत्यांचा घसा बसला होता, म्हणून मडकं दादाकडं गेलं. तो पूर्ण रानाला फेरी घालून आला. मडकं हिंदकळलं नाही, आवाज बारीक पडला नाही. ज्वारीच्या वरून त्याचं डोकं तेवढं दिसत होतं आणि खणखणीत हाक ऐकू येत होती. पाहुण्यांनी विचारलं, ‘हे कोण?’ चुलते म्हणाले, ‘थोरलं पोरगं. जरा आजारी असतं.’ त्या शिवारात त्या दिवशी डोकं सर्वांत शांत असलेला माणूस तोच असावा. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि वाढपाच्या तयारीत गुंतलेली मी तर त्याचं कौतुक करण्याच्या स्थितीत नव्हते.

आठवड्यात जळकोटचा होकार आला. त्याच दिवशी आईनं माझ्या उशाखालचं गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं.

‘आता कशाला पायजे?’ ती म्हणाली. ‘सगळं करतीस की. भाकर करपत न्हाय, मीठ चुकत न्हाय. तिकडं कुणाच्या नजरंला पडलं तर?’

‘आई, त्या बायका अजून बोलत्यात.’

‘गप. तसलं तोंडातून काढू नको.’ ती उठून बाहेर गेली. मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तीनही वेळा ती उठून गेली. वडील म्हणाले, ‘तुझी आई बगती ना सगळं.’ माझी भाकरी माझ्याच विरुद्ध साक्षीला उभी होती. ती बिघडवून दाखवावी असंही मनात आलं, पण हातांना ते जमेना.

गोळ्या थांबल्यावर आवाज मोठे झाले. आतापर्यंत त्या दोघी नुसतं वर्णन करायच्या, आता सांगायला लागल्या. काय ते लिहीत नाही. शेतातल्या विहिरीवर वाकळा धुवायला जायचं मी बंद केलं, एवढं पुरे. घरात त्याचा अर्थ लागला की लगीन ठरल्यावर पोरींना मिजास चढते. मला भीती वाटत होती. त्या दिवसांत मला जी भीती वाटली तशी आधी कधी वाटली नव्हती, अगदी पहिल्या वेळीही नाही, कारण पहिल्या वेळी पुढं काय होतं ते माहीत नव्हतं.

दादाला मी काही बोलले नव्हते. पण जो दिवसभर ओसरीवर बसतो त्याला घरातलं सगळं दिसतं. त्याची लातूरची तारीख आली तेव्हा तो चुलत्यांना म्हणाला, ‘तुमी ऊसतोडीचं बगा. हिला पाठवा माझ्यासंगं. हिला दवाखान्यातलं कळतं.’ चुलत्यांना ते पटलं. शहाणी, बरी झालेली, फार्मसी शिकलेली मुलगी आजारी भावाला घेऊन जाते, यात वावगं काय? आईनं माझ्याकडं एकदा निरखून पाहिलं, पण दिरापुढं ती काही बोलली नाही.

आम्ही मुरूडमार्गे एसटीनं गेलो. दादा खिडकीशी बसला होता. रस्ताभर उसाच्या गाड्या लागल्या, गाणी वाजत होती. मी त्याच्याकडं पाहिलं तर तो म्हणाला, ‘न्हाय गं. नुसती गाणी हायेत.’ मग जरा वेळानं म्हणाला, ‘तुझ्या बायका?’ मी म्हणाले, ‘हायेत.’

डॉक्टरांनी आधी दादाला विचारलं, ‘काय, कामधंदा काही सुरू?’ तो म्हणाला, ‘न्हाय.’ त्यांनी काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं पाहून हसले. ‘तुमचं छान चाललंय असं ऐकलं. स्वयंपाकपाणी जमतं सगळं?’ मी म्हणाले, ‘जमतं.’ खरं होतं ते. जे विचारलं त्याचंच उत्तर माणूस देतं. ते चिठ्ठीकडं वळणार तेवढ्यात दादा बोलला.

‘साहेब, एक इचारू? मला आता कायबी ऐकू येत न्हाय, पर माझ्याच्यानं काम हुत न्हाय. हिला समदं काम हुतंय, पर हिला ऐकू येतंय. गोळ्याबी बंद केल्यात घरच्यांनी. तर आमच्या दोघात बरं कोण हाय?’

त्याच्या तोंडून एवढी वाक्यं मी वर्षभरात सलग ऐकली नव्हती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. त्या दिवशी त्यांनी मला सगळं विचारलं. कधीपासून, किती जोरात, काय सांगतात. मी विहिरीचंही सांगितलं. नंतर ते म्हणाले की काम होणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांनी मला स्वतः बोलावून बघायला हवं होतं. दादालाही त्यांनी सांगितलं, हे बसून राहणं आळस नाही, आजाराचाच भाग आहे. रोज एक लहान काम धर, एकच, पण ठरल्या वेळेला. माझी गोळी पूर्ण झाली.

ती ठेवायची कुठं, हा प्रश्न दादानं सोडवला. त्याच्या औषधाच्या डब्यात. आजारी माणसाच्या डब्यात गोळ्या असणारच. रोज जेवणानंतर मी त्याला पाणी आणि औषध द्यायला जायची, बहिणीचं कर्तव्य म्हणून सगळे कौतुक करायचे, आणि आम्ही दोघं एकाच तांब्यातल्या पाण्यानं आपापल्या गोळ्या घ्यायचो. आवाज हळूहळू मागं सरकले. दादानं डेअरीला दूध घालायचं काम धरलं. सकाळी सायकलला किटली अडकवून जायचा आणि परत येऊन पुन्हा बसायचा. गावानं त्याला सुधारणा म्हटलं नाही. किटली म्हणजे काही ट्रॅक्टर नव्हे.

पण जळकोटला दादाचा डबा येणार नव्हता. साखरपुड्याची बोलणी सुरू झाली तेव्हा मी मुलाला स्वतः फोन केला. सांगितलं की मला हा आजार आहे, मी गोळ्या घेते, आणि तिथं आल्यावरही घेणार, उघड्यावर. तो चांगला होता. ओरडला नाही, दोन प्रश्न नीट विचारले, मग म्हणाला, ‘घरी बोलतो.’ त्याच्या मामांनी काही दिवसांनी वडिलांना कळवलं की पत्रिका जमत नाही. पत्रिका आधी जमली होती, मधल्या काळात ग्रह हलले असावेत. मला वाईट वाटलं. तो मुलगा मला आवडला होता, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

घरात मात्र खरं कारण लपलं नाही. चुलते म्हणाले, दोघांनी मिळून घराचं नाक कापलं. काकू म्हणाली, शहाण्याला शब्दाचा मार, यांना काय त्याचं? आईनं माझ्याशी बोलणंच सोडलं. भाकरी थापताना परात मधोमध ठेवून आम्ही दोघी दोन बाजूंना बसायचो, आणि पीठ संपलं की ती मला न सांगता उठून आणायची. मी गोळी आता सगळ्यांसमोर घेत होते. ती त्या वेळी दुसरीकडं बघायची. नोकरी धरून घराबाहेर पडावं असं मला वाटायला लागलं होतं. पण ती अशी गप्प असताना गेले तर तिच्या लेखी मी लग्न मोडून आणि भांडून गेलेली मुलगी ठरले असते, आणि तेही मला सोसवलं नसतं.

उन्हाळ्यात कुरडया करायच्या होत्या. काकूचा गुडघा पुन्हा दुखला. मी आणि आई सकाळीच गच्चीवर गेलो, गरम चीक पातेल्यातून वर आणला, जुन्या धोतरावर घालायला बसलो. आई सोऱ्या दाबत होती, मी चीक भरून देत होते. धोतर निम्मं भरलं. मग मान वर न करता तिनं विचारलं, ‘त्या बायका काय म्हणत्यात गं?’

डॉक्टरांनी विचारलं होतं, पण ते त्यांचं काम आहे. घरात हे विचारणारं पहिलं माणूस तीच. मी सगळं सांगितलं. वसतिगृहापासून सुरुवात केली, पीठ, पाणी, येळवशीची पंगत, सगळं. विहिरीचंही सांगितलं. तिचा हात थांबला, पण ती या वेळी उठून गेली नाही.

‘त्यात माझा आवाज आसतो का?’ ती म्हणाली.

‘न्हाय.’

‘खरं सांग मला.’

‘न्हाय, आई. तुझा कधीच नव्हता.’

तिनं सोऱ्या खाली ठेवला आणि चिकाचे हात तसेच पुढं धरून ती रडायला लागली. ‘मला वाटायचं, त्यातली एक मीच आसंल,’ ती म्हणाली. ‘हे कर, ते कर, दिसभर तुझ्या मागं मीच तर बोलत असती. म्हणून ऐकायलाच भीत हुते.’